हंगामाचा पैसा आणि घरातल्यांचा वाटा



या पंधरवड्यात गोव्याच्या गटांतून आमच्याकडे एकच प्रश्न तीन-चार वेगवेगळ्या शब्दांत आला. पैसा कधी भरपूर येतो, कधी काहीच नाही. अशा वेळी हातचा धंदा सोडून पगाराची नोकरी धरावी, की सद्गुरूंवर भार टाकून आहे तेच चालू ठेवावं? विचारणाऱ्यांत टॅक्सीवाले आहेत, किनाऱ्यावर गाळा घेऊन बसणारे आहेत, शिकवण्या घेणाऱ्या एक ताई आहेत. आपण टॅक्सीचंच धरून बोलू, म्हणजे बाकीच्यांचंही त्यात येऊन जाईल.

गोव्यात टॅक्सीचा धंदा ऑक्टोबरात उघडतो आणि मे सरता सरता मिटतो. पावसाळ्यात शनिवार-रविवारची चार भाडी, एवढंच. खर्चाला मात्र असा हंगाम नसतो. जूनमध्ये शाळेच्या वह्या-पुस्तकं, मग गाडीचा विमा, पासिंग. आणि हात अगदी रिकामा असतो नेमकी तेव्हाच चवथ येते. माटोळी, नेवऱ्या, मुंबईहून येणारी भावंडं, आरतीला येणारं अख्खं वाड्यावरचं मंडळ. कुणाला नको म्हणणार?

आपल्या आज्या हे सगळं जाणून होत्या. पाऊस लागायच्या आधी त्या पुरुमेंत भरून ठेवायच्या. मिरची, सोलं, चिंच, मीठ, लोणचं, ज्यांच्याकडे चालतं त्यांच्याकडे सुकी मासळी. मे महिन्यात घरात मिरची भरपूर आहे म्हणून कुणी मूठ-मूठ मिरची खाल्ली नाही! धान्याच्या बाबतीत जे आपोआप कळायचं ते पैशाच्या बाबतीत आपण विसरलो. जानेवारीत खात्यात दिसणारा पैसा जानेवारीचा नसतो, त्यातला बराचसा जुलैचा असतो.

आता थोडा हिशेब. आकडे समजा म्हणून धरा. डिझेल, गाडीचा हप्ता, दुरुस्ती वजा जाता हंगामाचे आठ महिने ४५,००० सुटतात आणि पावसाचे चार महिने १२,०००. वर्षाचे झाले ४,०८,०००. बाराने भागलं की महिना ३४,०००. त्यातून विमा, फी, चवथ असे वर्षातून एकदाच येणारे खर्च समजा ८४,०००, म्हणजे महिन्याला ७,००० बाजूला. उरले २७,०००. हा त्या माणसाचा खरा पगार. आठही महिने जास्तीचं वेगळ्या खात्यात टाकायचं, आणि दर एक तारखेला स्वतःलाच २७,००० द्यायचे, ऊन असो की पाऊस. ते दुसरं खातं वहिनींच्या नावावर असेल तर फार बरं. का ते वहिनींना विचारा.

एवढं केल्याशिवाय नोकरीचा विचारच करता येत नाही, असं आमचं मत आहे. कारण कारखान्यातून २४,००० हातात आणि वर पीएफ असं बोलणं आलं, तर जानेवारीत माणूस त्याला हसतो आणि जुलैत तोच माणूस त्याच्यासाठी रडतो. दोन्ही वेळा तो चुकीच्या आकड्याशी तुलना करत असतो. खरी तुलना २७ आणि २४ ची. मग प्रश्न एकदम लहान होतो आणि खराही होतो. तीन हजार कमी घेऊन पीएफ, रात्रीची झोप आणि संध्याकाळची उपासना मिळत असेल तर हवी आहे का? की पहाटेच्या विमानतळाच्या फेऱ्या परवडल्या, पण कुणाच्या हाताखाली राहणं नको? कागदावर लिहून ठेवा. जुलैत लिहिलेलं कारण डिसेंबरात परत वाचलं आणि तरीही पटलं, तर ते तुमचं खरं कारण. नाही पटलं तर ते नुसत्या पावसाचं होतं.

पण पगार म्हणजे कायमचं, हेही धरून चालू नका. डिचोली, सत्तरी, सांगेची माणसं हे कुणी सांगायची वाट बघत नाहीत. खाणीवरच्या ट्रकांच्या फेऱ्यांचा पैसा इतका नेमाने यायचा की त्यावर कर्ज काढून घरोघरी ट्रक घेतले गेले. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. पुढे सुरू झाल्या, आणि २०१८ च्या मार्चमध्ये न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ट्रक अंगणात, हप्ते बँकेत. ज्याला आपण नियमित म्हणत होतो ते नियमित होतं, पण शाश्वत नव्हतं.

म्हणून कुठलं काम जास्त खात्रीचं, याच्या फार मागे लागण्यात अर्थ नाही. अनिश्चितपणा येणारच. तो कुणाच्या डोक्यावर पडतो, ते आधी बघायला हवं.

इथे आम्हाला तुकाराम महाराजांची ती गोष्ट आठवते. घरची महाजनकी, दुकान, सावकारी. १६३० च्या सुमारच्या दुष्काळात सगळं मोडलं. पुढे मन विठ्ठलाकडे लागल्यावर त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे आपण सगळे कीर्तनात ऐकतो. पण अर्धीच बुडवली, हे घाईत राहून जातं. परंपरा सांगते की आधी वाटणी झाली. अर्धी खतं धाकट्या भावाला, कान्होबांना दिली, कारण त्यांना प्रपंच चालवायचा होता. नदीत गेला तो स्वतःचा वाटा.

एवढा मोठा विरक्त पुरुषसुद्धा दुसऱ्याचा वाटा स्वतःच्या वैराग्यावर लावत नाही. आणि आपण? बायकोचं मंगळसूत्र बँकेत, आईची ठेव मोडलेली, आणि वर म्हणायचं, सद्गुरू बघून घेतील. गंमत म्हणजे हेच वाक्य जानेवारीत नवा फोन घेतानाही म्हटलेलं असतं. शरणागती स्वतःची असते, घरातल्यांच्या वतीने करता येत नाही. धंदा बदला, जरूर बदला, पण आधी त्यांचा वाटा मोजून बाजूला काढा. सहा महिन्यांचं घरखर्चाचं, फीचं, औषधाचं. उरलेल्यावर हवं ते धाडस करा.

उलट बाजूही आहे, ती घरच्यांनी ऐकावी. कान्होबांनी अर्धं घेतलं, सगळं नाही मागितलं. पगार बरा म्हणून ज्या कामात मुलाचा जीव गुदमरतो ते त्याच्या गळ्यात मारणं, म्हणजे त्याचा वाटा आपण खाणं.

काहीजणांनी विचारलंय की कौल घ्यावा का. घ्यावा की. पण देवापुढे गाऱ्हाणं घालताना प्रश्न नेमका सांगावा लागतो. "माझं कसं होईल" यावर पाकळी पडत नाही. वर सांगितलेला कागद झाला की मगच देवळात जा.

आणि एक, जे विचारलेलं नाही. गावोगावच्या आपल्याच मंडळींचं उत्पन्न अनियमित होतं ते काही अंशी आपल्याच हातून. उत्सवाच्या मंडपवाल्याला, भजनाच्या तबलजींना, पालखीला फुलं देणाऱ्या मावशींना "पुढच्या आठवड्यात बघू" म्हटलं जातं. येत्या गुरुपौर्णिमेला, ऐन पावसात, पाकिटं आदल्या रात्री भरून ठेवावीत आणि आरती झाल्यावर प्रसादाबरोबरच द्यावीत. प्रत्येक केंद्राने हे काम एकाच्या नावावर लावून ते नाव या रविवारपर्यंत गटात कळवावं.