मालक स्वतः बाजारात गेला

सामान्य काळातील पंचविसावा रविवार (वर्ष अ)
शुभवर्तमान : मत्तय 20:1-16



आजच्या शुभवर्तमानातील मालक आपल्याला थोडा विचित्र वाटतो. संध्याकाळी पाच वाजता आलेल्या मजुराला तो दिवसभर उन्हात राबलेल्याएवढाच एक दीनार देतो. त्यामुळे आपले सारे लक्ष त्या मजुरीकडे जाते. पण त्याआधीची एक गोष्ट पाहू या. हाताशी कारभारी असूनही हा मालक दिवसातून पाच वेळा स्वतः बाजारात जातो. दिवसभर रिकामे का उभे आहात, असे तो शेवटच्या माणसांना विचारतो. आम्हाला कोणी कामालाच लावले नाही, असे ते उत्तर देतात. ते आळशी नव्हते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

शाळा अर्ध्यावर सुटलेली, नाक्यावर उभी राहणारी मुले पाहून आपण सहज म्हणतो, "आजकालच्या पोरांना कष्ट नकोत." त्यांना कामाला लावायला आपल्यापैकी कोण गेले?

एका घरभेटीत एक आई मला म्हणाली, "फादर, कोर्स फुकट आहे हो. पण रोजचे गाडीभाडे कुठून आणू? आणि पोरगा वर्गात बसला तर त्याची मजुरी बुडते, त्याचे काय?" मी काय बोलणार? फी भरणारे अनुदान होते. भाडे आणि बुडालेली मजुरी अनुदानाच्या कागदात नव्हती. आणखी एका ठिकाणी मी पाहिले, अनुदानाची मुदत संपली आणि शिवणयंत्रांवर कापड पडले. मुली दोन-तीनदा येऊन दार बंद पाहून परत गेल्या.

संत जॉन बॉस्को ह्यांनी हेच दुःख इटलीतील तुरीन शहरात पाहिले होते. त्यांचा जन्म 1815 सालचा. दोन वर्षांचे असतानाच वडील वारले. शिक्षणासाठी त्यांनी पडेल ते काम केले. 1841 साली धर्मगुरू झाल्यावर ते तुरुंगांत जाऊ लागले, तेव्हा तेथे कोवळी पोरे दिसली. सुटून बाहेर आल्यावर हाताला काम नाही, म्हणून तीच पोरे पुन्हा आत येत. फादर बॉस्को गवंड्यांच्या कामावर, सुतारांच्या दुकानांत जाऊन मुलांसाठी काम मागू लागले. 1852 साली एका मुलासाठी त्यांनी सुतार मालकाशी स्टॅम्पपेपरवर करार केला. मुलाला धंदा नीट शिकवायचा, घरकामाला जुंपायचे नाही, चुकला तर शब्दाने समजवायचे, मारायचे नाही, रविवार मोकळा ठेवायचा आणि मजुरी ठरलेली द्यायची. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या जागेत चांभारकाम आणि शिवणकाम सुरू केले. नंतर पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आली.

आणि पैसा? त्यांची आई मार्गारेट मुलांची आई होऊन राहायला आली होती. तिने आपल्या लग्नातले दागिने विकले. फादर बॉस्को दारोदार फिरले, श्रीमंतांना पत्रे लिहिली, सोडती काढल्या. मागताना ते लाजले नाहीत, कारण ते स्वतःसाठी मागत नव्हते.

आज मागायला जागा आहेत. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितले, त्यात व्यवसाय प्रशिक्षणही येते. 2016 साली केंद्र सरकारने शिकाऊ उमेदवारांसाठी योजना आणली, तेव्हा विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला 1,500 रुपयांपर्यंत, सरकारने उचलायचे ठरले. हे पैसे जरूर मिळवावेत आणि पै-पैचा चोख हिशेब ठेवावा. तो गरिबाचा पैसा आहे. पण अनुदान यंत्र आणते, मुलाच्या दारात जात नाही. दारात माणसालाच जावे लागते.

म्हणून ह्या आठवड्यात तीन गोष्टी करू या. ज्यांचे गॅरेज, वर्कशॉप, बेकरी किंवा वायरिंगचे काम आहे, त्यांनी एकेक मूल शिकायला घ्यावे, तेही लेखी अटींवर. निवृत्त शिक्षकांनी व बँकेतल्या मंडळींनी अर्ज आणि हिशेब लिहायला संध्याकाळचा एक तास द्यावा. बाकीच्यांनी दोन-तीन कुटुंबे मिळून कोर्स संपेपर्यंत एका मुलाचे किंवा मुलीचे गाडीभाडे उचलावे. ते मूल आपल्या चर्चचे नसून पाड्यावरचे असले तरी चालेल. मालकाने बाजारात कोणाची जात विचारली नाही.

एक दीनार म्हणजे त्या काळी एका दिवसाची मजुरी, घराची एका दिवसाची भाकर. उशिरा आलेल्याच्या घरीही तितकीच तोंडे वाट पाहत होती, हे मालकाला ठाऊक होते. शिकताना मिळणारे विद्यावेतन हीच भाकर आहे, ती भीक नव्हे.

एक लक्षात ठेवू या, आपणही त्याच बाजारात उभे होतो. कोणी तरी आपली फी भरली, कोणी आपल्यासाठी शब्द टाकला, आणि प्रभूने आपल्याला हाक मारली. पाच वाजले असतील, पण मळ्याचे दार अजून उघडे आहे.

हे प्रभू येशू, सुताराच्या घरात हात चालवायला शिकलेल्या तुला रिकाम्या हातांचे दुःख कळते. आम्हाला बाजारात जायला पाय दे आणि विचारायला जीभ दे. आमेन.