डाग

आपल्या मराठीत 'डाग' हा शब्द दोन विरुद्ध कामे करतो. शुभ्र वस्त्रावर पडतो तो डाग, आणि गळक्या तांब्याला कारागीर कथिलाने देतो तोही डागच. एक डाग वस्तू बिघडवतो, दुसरा तिला सावरतो. हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे नांदतात, याचा मी कधी विचार केला नव्हता. तो करण्याची वेळ गेल्या वर्षी पूर्णगडला आली.

पूर्णगड हे रत्नागिरी जिल्ह्यात पावसच्या पुढे, मुचकुंदी नदीच्या मुखाशी वसलेले गाव. टेकडीवर छोटेखानी किल्ला, खाली खाडी, पलीकडच्या तीरावर गावखडी. माझे एक शाळासोबती निवृत्तीनंतर तेथे राहतात. त्यांच्याकडे लहानशी होडी आहे, आणि होडीच्या मागच्या फळीला अडकवायची, वडिलांच्या वेळची एक इंग्रजी बनावटीची मोटर आहे. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरुड यांनी अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९०९ च्या सुमारास अशा मोटरी विक्रीला आणल्या, आणि उचलून नेता येईल असे इंजिन साध्या होडीवाल्याच्याही आवाक्यात आले. मित्राची मोटर त्याच कुळातली.

ही मोटर वर्षभर त्रास देत होती. कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकायचे, धूर काळा यायचा, प्लग ओला होऊन इंजिन बंद पडायचे. एकदा तर ऐन ओहोटीत, खाडीचे पाणी समुद्राकडे ओढत असताना ती बंद पडली आणि मित्राला जिवाच्या आकांताने वल्ही मारत काठ गाठावा लागला. त्यांनी प्लग बदलला, नळी बदलली, सुई बदलली. दर वेळी दोन दिवस बरे जात आणि पुन्हा तेच.

मी गेलो तेव्हा जवळच्या वाडीतले एक वृद्ध मिस्त्री आले होते. सारे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी कार्बोरेटर उघडून आतला फ्लोट बाहेर काढला. फ्लोट म्हणजे पितळेची पोकळ, बंद डबी. ती पेट्रोलवर तरंगते. पेट्रोल ठरावीक पातळीला पोहोचले की डबी वर उचलली जाते आणि सुईने पेट्रोलची वाट बंद होते. पातळी उतरली की वाट पुन्हा मोकळी होते. चाचांनी डबी माझ्या कानाशी धरून हलवली. आत काहीतरी खळखळत होते. कोठल्याशा सूक्ष्म छिद्रातून पेट्रोल आत शिरले होते. जड झालेली डबी तरंगत नव्हती, म्हणून वाट बंद होत नव्हती.

"छिद्र कोठे आहे?" मी विचारले. डबी तर चकचकीत होती.

चाचांनी कढत पाण्याचे पातेले चुलीपासून लांब, अंगणात आणवले आणि डबी त्यात बुडवली. क्षणभराने सांध्यापाशी मोहरीएवढे बुडबुडे उठू लागले. उष्णतेने आतली हवा फुगली आणि तिने स्वतःच आपली वाट दाखवली. ठोकून, घासून, उन्हात निरखून जे दिसले नसते, ते उबेने दिसले.

मला वाटले, आता तेथे डाग दिला की झाले. तसे मी बोललोही. चाचा हसले. "फादर, घाई करू नका. आतलं आधी बाहेर येऊ द्या. वरून डाग लावला म्हणून आतलं नाहीसं होत नाही."

मग त्यांनी कारण सांगितले. पेट्रोल आत असताना तापता खिळा टेकवला तर वाफ पेट घेऊ शकते. आणि समजा डाग बसलाच, तरी डबी जडच राहणार. आता तर आतल्या पेट्रोलला बाहेर पडायला वाटही उरणार नाही. म्हणून त्यांनी छिद्र खाली धरून डबी पुन्हा पुन्हा कढत पाण्यात धरली, निथळू दिली आणि दोन दिवस सावलीत ठेवली. या मोटरीच्या पेट्रोलात तेल मिसळलेले असते. पेट्रोल उडून जाते, तेल मागे राहते. तेही ठिबकून जावे लागते.

तिसऱ्या दिवशी डाग दिला, तो तांदळाच्या दाण्याएवढा. "जास्त कथील घातलं तर डागाच्याच वजनानं डबी बुडेल," चाचा म्हणाले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या आधीच्या धर्मग्रामात दोन भाऊ वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून अबोल झाले होते. एका उपवासकाळात मी दोघांना बोलावून घेतले, बंधुप्रेमावर चार शब्द सांगितले, हातात हात दिले आणि ईस्टरला दोघे एका बाकावर बसलेले पाहून कृतार्थ झालो. धाकटा त्या दिवशी काही सांगू पाहत होता. "आता जुने उगाळायचे नाही," असे म्हणून मीच त्याला गप्प केले. तीन वर्षांनी आई वारली, तेव्हा दफनभूमीच्या दारातच सारे उफाळून आले. लोकांनी भावांना दोष दिला. मीही दिला. डाग मी दिला होता, आत पेट्रोल ठेवून.

मिटवणे आणि दुरुस्त करणे यांत फरक आहे तो हाच. मिटवणाऱ्याला शांतता लवकर हवी असते, आणि बहुधा ती स्वतःसाठी हवी असते. आपल्या कुटुंबांत असे किती सांधे आपण चकचकीत ठेवतो! कोणी म्हणेल, जुन्या जखमा उकरून काय साधणार? काळ हेच औषध नव्हे का? माझे उत्तर असे, की वाट मोकळी असेल तरच काळ औषध ठरतो, आणि तेव्हाही राग उडून गेला तरी कडूपणाचे तेल तळाशी राहू शकते. मात्र साऱ्या गावासमोर झाकण उघडावे असाही याचा अर्थ नाही. आगीपासून दूर, एका जिव्हाळ्याच्या माणसापाशी, सुईएवढी वाट पुरते. आणि सलोख्यानंतरचा उपदेश, आठवण, उपकाराची भाषा तांदळाच्या दाण्याएवढीच असावी. एरवी क्षमेचेच ओझे होते.

महिन्याभराने मी धाकट्याच्या घरी गेलो. या वेळी मी काही सांगितले नाही. तो बोलत राहिला, मध्ये रडला, माझ्यावरही रागावला. दिवेलागणीला गेलेला मी रात्रीच्या जेवणापर्यंत ऐकत होतो. थोरल्याकडे जायचे अजून बाकी आहे. दोघे पुन्हा एका बाकावर बसतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. या खेपेला मी घाई करणार नाही.

पूर्णगडची मोटर चालू आहे. पितळी डबीवरचा तो करडा डाग लांबूनही ओळखू येतो. मित्राने विचारले होते, घासून चकचकीत करता येईल का? चाचा म्हणाले, "कशाला? राहू द्या."