बोलणे शेवटपर्यंत ऐकावे

मार्च २०१८ मध्ये कर्नाटक सरकारने लिंगायतांना धार्मिक अल्पसंख्याक दर्जा देण्याची शिफारस केली, तेव्हापासून आपल्या घराघरांत दोन पक्ष पडले. 'वीरशैव की लिंगायत' हा विषय निघाला, की भाऊ भावासमोरून अर्ध्या जेवणावरून उठतो.

शून्यसंपादनेतील प्रसंग आठवा. सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, सिद्धराम तळे खोदवीत होते. अल्लमप्रभूंनी तेथे येऊन त्यांना माती खोदणारा म्हणून हिणविले. संतापलेल्या शिष्यांनी दगड फेकले. (ती परंपरा मात्र आपण नीट राखली आहे!) सिद्धरामांनी प्रभूंना बोलू दिले. लोकांसाठी तळे बांधणे हीही शिवपूजा नव्हे काय, हा आपला पक्ष मांडला. आत्मज्ञानाविषयीचा त्यांचा प्रतिप्रश्न ऐकला. मग त्यांच्यासह ते कल्याणास गेले. तळे त्यांनी बुजविले नाही. सोलापुरात ते आजही आहे.