शिवसागरावरची शांतता

गेल्या पौषात दोघा शिक्षक-मित्रांबरोबर वासोट्याला जाऊन आलो. बामणोलीहून नाव करायची, तासाभराहून अधिक वेळ कोयनेच्या जलाशयातून जायचे, पलीकडे वनखात्याच्या चौकीत नाव नोंदवायचे आणि रानातून गड चढायचा. दिवस मावळण्याच्या आत परतलेच पाहिजे. मुक्कामाला बंदी आहे. वर्षभर वर्गातला गलका सोसणाऱ्या माणसाला अशा जागेची ओढ किती असते ते मास्तरच जाणे!

रान खरोखर सुरेख आहे. ओढ्याकाठच्या मारुतीपासून वाट झाडीत शिरते ती बराच वेळ ऊन दिसू देत नाही. गडाच्या एका टोकाला पायाखाली कोकण उघडते. दुसऱ्या टोकावरून पाहावे तो डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेले शिवसागराचे निळे पाणी. आम्ही तिघेही तिथे न बोलता बसून राहिलो.

परतताना जलाशयाच्या मध्यावर मी नावाड्याला इंजिन बंद करायला सांगितले. म्हटले, जरा ही शांतता ऐकू दे. त्याने ऐकले. थोड्या वेळाने म्हणाला, "गुरुजी, बा सांगायचा, हितं पहाटंला कोंबडं आरवलं की पल्याडच्या वाडीत ऐकू जायचं. आमचं घर ह्याच अंगाला हुतं. खाली." त्याने पाण्याकडे बोट दाखवले नाही. मीच वाकून पाहिले.

धरण १९६०च्या दशकात पुरे झाले. गावे उठली, काही माणसे डोंगरात वर सरकली, कितीतरी पार रायगड-ठाण्याकडे वसवली गेली. १९८५ साली अभयारण्य झाले, २०१० साली व्याघ्रप्रकल्प. वर सरकलेल्यांतल्या काहींना पुन्हा उठावे लागले. मी जिला निसर्गाची शांतता म्हणत होतो, ती माणसे हलवून झालेली होती.

मग तिचा आनंद घ्यायचा मला अधिकार आहे काय? मी हळहळलो खरा. पण ती हळहळ मला फार गोड लागली, आणि तेच खटकले. बुडालेल्या गावावर नावेत बसून डोळे ओले करणे हाही सहलीचाच एक भाग झाला! बरे, धरण नको होते असे म्हणावे, तर तेही प्रामाणिकपणे म्हणवत नाही. कोयनेचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला उतरते, पोफळीला त्याची वीज होते. माझ्या टेबलावरच्या दिव्यात तिचा वाटा नाहीच, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? माणसे गेल्याने रान वाढले असेल, तेही मला हवेच आहे. पण लाभ चांगल्या कामी लागला म्हणून मुद्दल फिटत नाही, हे मी सातवीच्या मुलांना व्याजाच्या गणितात शिकवतो. इथे उधार कुणी घेतले आणि फेडायचे कुणी, एवढेच मला मांडता येईना. मी तर काहीच मागितले नव्हते. मागितली होती ती फक्त शांतता, आणि तीही त्याच माणसाजवळ.

बामणोलीला उतरताना ठरल्या भाड्यावर मी शंभराची एक नोट पुढे केली.

"दर फळ्यावर लिवलाय, गुरुजी," तो म्हणाला, आणि नाव बांधायला वाकला.