‘चालेल’ या शब्दाचे वजन

समजा, वारजे माळवाडीतल्या एका फ्लॅटबद्दल घरमालक व्हॉट्सॲपवर लिहितात, ‘भाडे अठरा हजार, डिपॉझिट पन्नास हजार, एक तारखेपासून.’ भाडेकरू उत्तर देतो, ‘चालेल.’ चार दिवसांनी कळते, की जागा दुसऱ्याला दिली. भाडेकरू हळहळतो. कागदच झाला नव्हता, मग बोलायचे कशाच्या जोरावर?

या हळहळीमागे एक समजूत आहे, की माणसाला बांधतो तो कागद. १८७२ चा भारतीय करार कायदा मात्र तसे म्हणत नाही. त्याचे कलम १० पाहते ते वेगळेच: पक्ष करार करण्यास सक्षम आहेत का, संमती मोकळ्या मनाने दिली का, मोबदला आणि हेतू कायदेशीर आहेत का. कागद लागतो तो दुसऱ्या एखाद्या कायद्याने त्या व्यवहाराला तशी अट घातली असेल तेव्हाच.

खामगावचा एक खटला पाहा. २२ जुलै १९५९ रोजी फोनवर सरकीच्या पेंडीचा सौदा ठरला, पण पेंड मिळाली नाही, असे सांगत अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी खामगावच्या जिनिंग कारखान्यावर ३१,१५० रुपयांचा दावा लावला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो करार कुठे झाला एवढ्यावरून. न्यायालय म्हणाले, होकार जिथे ऐकू आला तिथे, म्हणजे अहमदाबादेत. नुसत्या बोलण्याने करार होऊ शकतो का, हा तिथे वादाचा मुद्दाच नव्हता. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम १० अ आले. केवळ इलेक्ट्रॉनिक रूपात झाला म्हणून करार निष्प्रभ ठरत नाही, असे ते सांगते.

तेव्हा बांधते ती संमती. आणि संमती पुरी हवी. ‘चालेल’ हा होकार आहे. ‘चालेल, पण आधी रंग काढून द्या’ हा होकार नाही, तो नवा प्रस्ताव झाला. ‘बघतो, कळवतो’ यात तर काहीच ठरलेले नाही. कॅनडातल्या एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवून खात्री मागितली गेली. त्याने अंगठ्याचे चिन्ह पाठवले आणि जवस दिलेच नाही. २०२३ मध्ये न्यायालयाने त्याच्यावर सुमारे ८२ हजार डॉलरची भरपाई बसवली, कारण आधीचे सौदेही त्याने अशाच त्रोटक उत्तरांनी पक्के करून पाळले होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये जमिनीच्या एका वादात हेच सुचवले: ईमेल आणि व्हॉट्सॲप संदेश एकत्र वाचावेत, मग पक्का करार झाला की नाही हे ठरवावे.

आता पुन्हा वारज्यात येऊ. भाड्याच्या घराला ती दुसऱ्या कायद्याची अट लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. त्यामुळे नुसत्या ‘चालेल’वर फ्लॅटचा हक्क मागणे कठीण. पण तेच कलम पुढे म्हणते, की नोंदणी न करताच जागा दिली असेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरावे, उलट सिद्ध होईपर्यंत. तिथे ते जुने संदेश पुरावा म्हणून उपयोगी पडतात, दोघांनाही.

पुराव्याची वाट मात्र वेगळी आहे. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले, की मूळ उपकरणच हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे. म्हणून स्क्रीनशॉटवर विसंबून मूळ चॅट पुसू नये, फोन बदलताना ते जपावे.

खामगावच्या सौद्यातला होकार तारेतून आला आणि विरला. आपला होकार तारीख-वेळेसह दोन फोनांत राहतो. म्हणून ‘चालेल’ लिहिण्याआधी रक्कम, मुदत, तारीख एकाच संदेशात पुन्हा मांडावी, आणि घराचा व्यवहार असेल तर नोंदणी उरकावी. समोरचा माणूस त्या एका शब्दावर आपले जुने घर सोडत असतो.