माळ

दसऱ्याला आमच्या शाळेत पाटीपूजन असायचं. पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचं. वर्गात सगळ्यांत रेखीव सरस्वती काढायचा तो तांबोळ्याचा पोरगा. निम्म्या वर्गाच्या पाट्या त्यानंच काढून दिलेल्या असत. तिसरीत गुरुजी त्याला म्हणाले, "हात जोड की रे." तो हात मागं बांधून उभा राहिला. गुरुजींनी कान पिळला. पोरं हसली, मीही हसलो. घरी सांगितलं तर अण्णा एवढंच म्हणाले, "त्याच्या बापाला इचारलं व्हतं का कुणी?"

ह्याच अण्णांनी पुढं मी दहा वर्षांचा असताना आळंदीला माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली. मला कुणी विचारलं नाही.

माळ म्हणजे नुसते मणी नव्हेत. एकादशी धरायची, मांस-मच्छी सोडायची, वारी चुकवायची नाही. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. पहाटे काकड्याला अण्णांच्या घोंगडीत शिरून टाळ वाजवायचो, ती ऊब अजून अंगात आहे. पण अकरावीला तालुक्याला खोली करून राहिलो आणि एका रात्री माळ खुंटीला अडकवून पोरांसंगं मटण खाल्लं. सकाळी आंघोळ करून परत घातली. अण्णा गेले, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढं मास्तर झालो. राज्यघटनेचं कलम 28 वाचलं. सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत ते असलं, तर संमतीशिवाय सक्ती नाही. आणि मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची. म्हणजे अण्णांचाच प्रश्न. शाळेपासून पोराला वाचवायला बाप आहे. बापापासून?

पोराला काहीच देऊ नये, मोठं झाल्यावर बघेल त्याचं तो, हेही मला पटत नाही. मराठी काय त्याला विचारून शिकवली? काकड्याला मी त्याला नेतोच. पण माळ हा शब्द असतो, आणि दुसऱ्याचा शब्द आपण कसा द्यायचा?

पोरगं आता दहाचं झालंय. आई म्हणते, "अवंदा त्याला माळ घाल. तुझ्या बापाची रीत मोडू नगंस." परवा जेवताना त्यानंच विचारलं, "पप्पा, माळ काढून खाल्लं तर चालतं का?" मी खाली बघून भाकरी मोडत राहिलो.

आळंदीहून आणलेली माळ देवळीत ठेवली आहे. काल त्यानं ती काढली, मणी मोजले. एकशेआठ भरले. परत जिथल्या तिथं ठेवली.