अहवालाची साक्ष

विद्यापीठाच्या पदवीसाठीं लिहिलेला अहवाल ही विद्यार्थ्याची साक्षच होय, असें आम्ही मानतों. २०१२-१३ च्या अवर्षणांत जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या अनेक बागा वाळून गेल्या. त्या हानीवर लिहितांना एखाद्यानें बांधावर पाऊलही न ठेवतां दुसऱ्याच्या अहवालांतील आंकडे उतरवून घेतले, तर त्याला गुण मिळतील. पण ज्याचीं झाडें गेलीं त्याच्याविषयीं ती खोटी साक्ष ठरेल. कोणी म्हणेल, परीक्षकच जर तो नीट वाचीत नाहीं, तर नुकसान कोणाचें? आमचें उत्तर असें कीं, न पाहिलेलें ‘पाहिलें’ म्हणून लिहिण्याची संवय पदवीबरोबर संपत नाहीं. तीच पुढें पंचनाम्यांत शिरते. म्हणून चार झाडें स्वतः मोजून लिहिलेलें एक पान आम्हांस उसन्या शंभर पानांहून मोलाचें वाटतें.